केमिकल सेन्सिटिव्हिटी आणि रोजच्या वासा-आवाजांचा त्रास

परफ्यूम, रूम फ्रेशनर, फिनेल, ताजा ऑइलपेंट, नवीन प्लायवूडचं कपाट, डांबरगोळ्या, शेजारच्याने मारलेला डिओ. बाकीच्यांना यातल्या कशाचं फार काही वाटत नाही, पण काही माणसांचं एवढ्यानेच डोकं भणभणायला लागतं, मळमळतं, छाती भरून येते, खोकला थांबत नाही, समोर काय लिहिलंय ते कळेनासं होतं. असा त्रास वर्षानुवर्षं आणि एकापेक्षा जास्त गोष्टींनी होत असेल तर त्याला मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी म्हणतात. हे नाव १९८७ मध्ये येल विद्यापीठाच्या मार्क कलन यांनी दिलं. १९९६ मध्ये बर्लिनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाखाली तज्ज्ञ बसले आणि त्यांनी 'इडिओपॅथिक एन्व्हायर्नमेंटल इंटॉलरन्स' (कारण न कळता आसपासच्या गोष्टी न झेपणं) असं लांबलचक नाव सुचवलं, कारण केमिकल हेच कारण आहे असं नावातच कशाला ठरवून टाकायचं, पण पेशंट लोकांना ते नाव कधी पटलं नाही आणि बोलताना सगळे अजून जुनंच वापरतात.

ही ॲलर्जी नाही. आपल्याकडे कागदावर बहुतेक वेळा ॲलर्जीच लिहिलं जातं, पण ॲलर्जीत रक्तात ज्या अँटिबॉडी वाढतात त्याचा इथे संबंध लागत नाही, त्यामुळे टेस्ट नॉर्मल येतात आणि मग माणूस कान-नाक-घसावाल्याकडून छातीच्या डॉक्टरकडे, तिथून कुठेतरी "टेन्शन घेऊ नका" ऐकून घरी. तक्रार करणाऱ्यांत बायका जास्त असतात, आणि घरातली लोकं "हिचं नाकच फार तिखट" म्हणून विषय संपवतात.

गंमत म्हणजे नाक तिखट नसतंच. वासाचा किती अंश कळतो हे मोजलं तर या लोकांचे आकडे साधारण इतरांसारखेच निघतात, वास लवकर येतो असं नाही, आलेला वास झेपत नाही. आणि सगळा मामला वासाचाही नाही. घरात मिरचीची फोडणी बसली की सगळ्यांना ठसका लागतो, तो वासाच्या नसेमुळे नाही, नाक-डोळे-घशात पसरलेल्या वेगळ्या नसांमुळे, ज्या झोंबणं, जळजळ, गारवा ओळखतात. स्वीडनमध्ये एव्हा मिल्क्विस्ट यांनी नेमकं हेच धरून टेस्ट बनवली. मिरचीतलं कॅप्सेसिन अगदी पातळ करून वाफेसारखं हुंगायला द्यायचं आणि किती वेळा खोकला येतो ते मोजायचं. वासांचा त्रास सांगणारे पेशंट तेवढ्याच डोसला निरोगी माणसांपेक्षा जास्त खोकतात. म्हणजे तक्रार अगदीच हवेतली नाही, काहीतरी मोजता येतं.

दुसरा मुद्दा सवयीचा. रंगवलेल्या खोलीत अर्धा तास बसलं की वास जाणवेनासा होतो, मेंदू तो बाजूला टाकतो. या लोकांच्यात ते नीट होत नाही असं स्वीडनच्या उमेओ विद्यापीठातल्या कामातून दिसतं, वास तेवढाच राहतो किंवा वाढतच गेल्यासारखा वाटतो. यातल्या बऱ्याच जणांना आवाजाचाही त्रास असतो, कुणाला ट्यूबलाइटचा, आणि मायग्रेन किंवा फायब्रोमायाल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा आजार) पण सोबत सापडतो. म्हणून एक मत असं की बिघाड नाकात नाही, सगळ्याच संवेदनांचा व्हॉल्यूम मेंदूत वर गेलेला असतो. मला हे बाकीच्या थिअरींपेक्षा जास्त पटण्यासारखं वाटतं, पण सिद्ध झालंय असं म्हणता येत नाही.

आता अडचणीचा भाग. बंद खोलीत कधी खरं केमिकल, कधी नुसती हवा सोडायची, वास झाकायचा, आणि कुठली वेळ कुठली हे पेशंटलाही नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही सांगायचं, अशा प्रयोगांत बहुतेक पेशंटना फरक ओळखता येत नाही. मोबाइल-वायफायचा त्रास सांगणाऱ्यांचंही तेच, लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २००५ मध्ये ७२५ लोकांवरचे ३१ प्रयोग एकत्र तपासले आणि लहरी असल्या-नसल्याचं ओळखता येतं याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. पण लहरी सोडल्याचं नुसतं भासवलं तरी लोकांची डोकी खरोखर दुखली. फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरमध्ये पामेला डाल्टन यांनी १९९६ मध्ये साध्या निरोगी लोकांना एकच वास २० मिनिटं दिला, काहींना सांगितलं नैसर्गिक अर्क आहे, काहींना सांगितलं इंडस्ट्रीतलं घातक केमिकल आहे. घातक म्हटलेल्यांना तोच वास जास्त उग्र वाटत राहिला. यावरून "सगळं मनाचे खेळ" असं म्हणून मोकळं होणारे खूप आहेत, पण प्रयोग तसं म्हणत नाही, अपेक्षेने शरीरात खरा त्रास उभा राहतो एवढंच तो म्हणतो.

लोक काय काय करतात ते बघितलं की त्रासाचा अंदाज येतो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकला मोठी रेडिओ दुर्बीण आहे, १९५८ पासून त्या भागात रेडिओ लहरींवर बंधनं आहेत, तर वायफायला कंटाळलेली माणसं घरदार सोडून तिथे राहायला गेलीत. ॲरिझोनात स्नोफ्लेक गावाजवळ केमिकलचा त्रास होणाऱ्यांची वस्ती आहे. जपानने २००९ मध्ये हा आजार विम्याच्या यादीत घेतला, त्याआधी २००३ मध्ये नवीन घरांतल्या फॉर्मल्डिहाइडवर (प्लायवूड, गोंदातून सुटणारा झोंबरा वायू) बांधकाम कायद्यातच बंधन आणलं.

मात्र उदबत्ती, मच्छर कॉइल, फटाके यांचा धूर कुणालाही बाधतो, त्यात बारीक कण असतात, तो खोकला सेन्सिटिव्हिटीच्या खात्यात टाकू नये. दमा, मायग्रेन, त्वचेची ॲलर्जी, कामाच्या जागी खरंच गळणारं थिनर हे आधी तपासायला हवं. मोबाइल टॉवरबद्दल म्हणाल तर भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय पातळीच्या एक दशांशावर आणली, तरी सोसायट्यांमधली भांडणं काही थांबली नाहीत.

हमखास औषध नाही. सगळं टाळत गेलं की तात्पुरतं बरं वाटतं पण टाळायची यादी वाढत जाते, शेवटी माणूस एका खोलीत अडकतो. समुपदेशनाने काहींना फरक पडतो, सगळ्यांना नाही. कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये बऱ्याच ऑफिस-हॉस्पिटलांत सेंट लावून येऊ नका अशा पाट्या असतात. आपल्याकडे पाटी दूरच, ऑफिसच्या एसीसमोर लटकवलेला फ्रेशनर काढा म्हटलं तरी आधी ॲडमिनवाल्याला पटवावं लागतं, त्यापेक्षा खिडकीजवळची जागा मागून घेणं सोपं.