मानदुखी, मानेची स्थितीजाणीव आणि व्यायाम : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मानदुखी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सर्वप्रथम दुखणे थांबवायचे असते आणि ती अपेक्षा रास्तच आहे. मात्र मानदुखी पुन्हा पुन्हा उलटणारा विकार आहे. दुखणे ओसरले तरी मानेची स्वतःच्या स्थितीविषयीची जाणीव आपोआप पूर्ववत होतेच असे नाही. म्हणून आमच्या केंद्रात या जाणिवेची तपासणी आणि तिचे प्रशिक्षण हा उपचाराचा आवश्यक भाग मानला जातो. तो कशासाठी असतो आणि त्यात आपल्याकडून काय अपेक्षित असते, हे येथे सांगत आहोत.

डोळे मिटले तरी आपले डोके सरळ आहे की कलते आहे, हे आपल्याला कळते. स्नायू किती ताणला गेला आहे याची खबर मेंदूला देणारे सूक्ष्म संवेदक स्नायूंमध्ये असतात, आणि कवटीच्या तळाशी, मानेच्या अगदी वरच्या टोकाला असलेल्या छोट्या स्नायूंमध्ये ते शरीरातील इतर बहुतेक स्नायूंपेक्षा कितीतरी दाटीने असतात. मान वळवताना जवळजवळ निम्मी हालचाल वरच्या दोन मणक्यांमध्येच होते, हे लक्षात घेतले तर तेथे एवढी दाटी का, हे समजते. या संवेदकांची माहिती, डोळ्यांना दिसणारे दृश्य आणि अंतःकर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचे संदेश मेंदू सतत एकमेकांशी ताडून पाहतो. दीर्घकाळचे दुखणे, स्नायूंचा थकवा किंवा गाडीच्या धडकेत मानेला बसलेला हिसका यांमुळे मानेकडून जाणारे संदेश बिघडले, की हा मेळ बसत नाही. मग डोके जड वाटते, हलकी चक्कर येते, वाचताना डोळे लवकर शिणतात, किंवा दुचाकीवरून मागे वळून पाहताना क्षणभर तोल गेल्यासारखे वाटते.

अशा वेळी एक्स-रेमध्ये काही आढळेलच असे नाही. उलट, मणक्यांची झीज आणि ज्याला बोलण्यात ‘गॅप’ म्हणतात ते बदल, काहीही न दुखणाऱ्या मध्यमवयीन माणसांच्या एक्स-रेमध्येही सर्रास दिसतात. त्यामुळे केवळ अहवालातील एखाद्या शब्दाने धास्तावून मान हलवणेच बंद करू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

तपासणी साधी आणि वेदनारहित असते. आपल्याला भिंतीपासून ९० सेंटिमीटर अंतरावर खुर्चीत बसवले जाते, डोक्याला पट्ट्याने छोटा लेसर दिवा बांधला जातो आणि सरळ पाहताना प्रकाशाचा ठिपका जेथे पडतो तेथे खूण केली जाते. त्यानंतर डोळे मिटून मान एका बाजूला वळवायची आणि आपल्या अंदाजाने पुन्हा मध्यावर आणायची. ठिपका मूळ खुणेपासून किती दूर पडला, हे मोजले जाते. फ्रान्समधील डॉक्टर मिशेल रेव्हेल यांनी १९९१ मध्ये ही पद्धत मांडली. साधारणपणे ४.५ अंशांहून अधिक, म्हणजे या अंतरावर सुमारे ७ सेंटिमीटरहून अधिक चूक, जाणीव कमी झाल्याचे लक्षण समजली जाते. एकाच प्रयत्नावरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून प्रत्येक दिशेने अनेकदा मोजून सरासरी घेतली जाते. ज्या तराजूचा काटा मुळातच शून्यावर नाही, त्यात कितीही काळजीपूर्वक माल तोलला तरी वजन चुकणारच. मानेचा ‘मध्य’ सरकलेला असेल, तर सरळ बसण्याच्या आपल्या प्रत्येक प्रयत्नाचे तसेच होते.

प्रशिक्षणाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात गळ्याच्या आतल्या बाजूस, मणक्यांना लगटून असलेल्या खोल स्नायूंना पुन्हा कामाला लावले जाते. उताणे झोपून मानेखाली हवेची छोटी उशी ठेवतात, तिच्यातील दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरवर स्थिर करतात आणि ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच हनुवटी आत घेऊन तो दोन-दोन मिलिमीटरने वाढवत ३० पर्यंत नेण्याचा सराव करतात. प्रत्येक टप्पा १० सेकंद धरायचा असतो. येथे जोर लावणे हेच चुकीचे आहे. गळ्याच्या बाहेरील दोरीसारखे स्नायू ताठ झाले, तर व्यायाम त्यांनीच केला असे समजावे. दुसऱ्या भागात तोच लेसर दिवा बांधून ठिपका खुणेवर परत आणणे, भिंतीवरील आकृतीच्या रेषेवरून तो सावकाश फिरवणे, नजर एका जागी खिळवून मान वळवणे आणि मान स्थिर ठेवून केवळ डोळे फिरवणे, असे व्यायाम येतात. ते आधी बसून, मग उभे राहून, शेवटी पावले जोडून उभे राहून केले जातात.

फिजिओथेरपीच्या संशोधक ग्वेन जुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात हे दोन्ही प्रकार सहा आठवडे करून पाहिले गेले. दोन्हींनी मानदुखी आणि स्थितीची चूक कमी झाली, म्हणूनच आम्ही दोन्ही शिकवतो. आमच्याकडील कार्यक्रमही सहा आठवड्यांचा असतो. घरी दिवसातून दोनदा १० ते १५ मिनिटे सराव करावा लागतो, आणि तो टाळल्यास केंद्रातील फेऱ्यांचा फारसा उपयोग होत नाही, हे स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

कोल्हापुरात या त्रासाला निमित्तांची कमतरता नाही. गुजरीच्या सराफ बाजारात तासन्‌तास मान खाली घालून बसणारे कारागीर, हुपरीचे चांदीकाम करणारे, उद्यमनगरातील लेथवर उभे राहणारे कामगार आणि संगणकावर काम करणारे तरुण या सर्वांची मान एकाच स्थितीत अडकलेली असते. त्यांनी दर अर्ध्या तासाने मान सर्व दिशांना सावकाश फिरवावी. तालमीत मानेवर अंग तोलून मान कमावलेल्या मल्लांनाही आम्ही ही तपासणी सुचवतो, कारण ताकद आणि अचूकता या भिन्न गोष्टी आहेत. मानेचा पट्टा डॉक्टरांनी सांगितला असेल तर सांगितले तेवढेच दिवस वापरावा. सलूनमध्ये मालिश करताना झटका देऊन मान ‘मोडून’ घेणे मात्र कृपया पूर्णपणे टाळावे. अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, आणि ती दुर्मीळ असली तरी तिचे परिणाम फार गंभीर असतात.

हातात बधिरपणा किंवा अशक्तपणा, बोटांनी बटणे लावताना येणारी अडचण, चालताना पाय अडखळणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, ताप किंवा अकारण वजन घटणे, तसेच पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र मानदुखी यांपैकी काहीही असल्यास व्यायाम सुरू न करता आधी डॉक्टरांना दाखवावे. अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, जीभ जड होणे, एकाचे दोन दिसणे, किंवा मानेबरोबर छातीत दुखून घाम येणे, अशा वेळी थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. चक्करेची कारणे अनेक असतात. कानाचे विकार आणि रक्तदाब तपासल्याशिवाय ती मानेमुळेच आहे असे आम्ही गृहीत धरत नाही.

पहिल्या भेटीसाठी सुमारे एक तास राखून ठेवावा. जुने अहवाल, चालू औषधांची यादी आणि चष्मा सोबत आणावा, गळ्याभोवती सैल असे कपडे घालावेत, आणि चक्कर येत असल्यास स्वतः गाडी चालवत न येता कोणाला तरी बरोबर घेऊन यावे.