जुन्या पत्रावरून चिटणिसाचा स्वभाव-टाइप ओळखता येतो का?

फिरत असलेला समज असा: पेशवाईतल्या एखाद्या वकिलाच्या (म्हणजे दुसऱ्या दरबारातल्या प्रतिनिधीच्या) पदरी असलेल्या अप्रसिद्ध चिटणिसाचं, म्हणजे पत्रं लिहिणाऱ्या कारकुनाचं, एक मोडी पत्र वाचलं, की तो ‘आयएनटीजे’ की ‘ईएसएफपी’ (मायर्स-ब्रिग्ज व्यक्तिमत्त्व-चाचणीतले चार इंग्रजी अक्षरांचे स्वभावप्रकार) हे कळतं. असं वाटणं स्वाभाविक आहे. पत्रात माणूस बोलतोय असंच वाटतं.

पण बोलतोय कोण, हे आधी पाहावं. मजकूर बहुधा वकील सांगे, कारकून उतरवून घेई. ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दिजे हे विनंती’ यातला नम्रपणा कारकुनाचा नव्हे, ठरलेल्या रिवाजाचा. ‘आशीर्वाद’, ‘साष्टांग नमस्कार’ की ‘दंडवत’ हे नातं, जात आणि दर्जा पाहून ठरे. अक्षराचंही तेच: आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली हात फारसा न उचलता लिहिण्याची ही लिपी, त्यामुळे घाईचं वळण म्हणजे उतावळा स्वभाव नव्हे.

पडताळायचं असेल तर छापील पत्रसंग्रहातून एकाच दरबारातली, वेगवेगळ्या कारकुनांची चार-पाच पत्रं घ्या. मायना (सुरुवातीचं ठरावीक संबोधन) आणि शेवट पेन्सिलीने खोडा. उरतात बातम्या, रकमा, हुंड्या, जासूद (पत्रं नेणारा) कधी निघाला ते. यात ‘अंतर्मुख’ कुठे शोधणार? समासात किंवा शेवटी स्वदस्तूरच्या (स्वतःच्या हातच्या) दोन ओळी असतील तर त्या मात्र जपून वाचा. माणूस सापडलाच तर तिथे, तोही थोडा.

शिवाय ती चार अक्षरं ज्या प्रश्नावलीतून येतात, ती ज्याची त्याने भरायची असते. जिवंत माणसाचंही उत्तर काही आठवड्यांनी बदलू शकतं.