बागेतील शेडचे अल्पखर्ची उष्णतारोधन

अवजारे व कुंड्या ठेवायला किंवा छोटी कार्यशाळा म्हणून बागेत उभारलेल्या फळ्यांच्या वा पत्र्याच्या शेडमधून होणारी उष्णतेची ये-जा कमी खर्चात मंदावण्याची पद्धत. रोधक थर स्वतः ऊब निर्माण करत नाही. आत हीटर किंवा काम करणारे माणूस नसेल, तर पहाटेपर्यंत आतले तापमान बाहेरच्या जवळ येतेच. नुसती फावडी-कुदळी ठेवायची असतील, तर भिंती मढवण्यापेक्षा ओल अडवलेली बरी.

स्वस्त रोधकांत खरे काम करते ती कोंडलेली हवा. स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२५ वॉट प्रति मीटर केल्विन असते, थर्मोकोलची ०.०३५च्या आसपास, लाकडाची त्याच्या तिप्पट-चौपट, पोलादाची हजारपटीहून अधिक. वारा आत शिरू लागला की रोधकाचा बराचसा उपयोग संपतो. म्हणून पहिला खर्च फटी बुजवण्यावर करावा, दुसरा छपरावर.

जाडीचा हव्यास इथे परवडत नाही. १२ मिमी. फळीच्या भिंतीला २५ मिमी. थर्मोकोल लावला, तर तिच्यातून जाणारी उष्णता सुमारे पाऊण हिश्श्याने घटते. आणखी २५ मिमी. घातल्यास मूळ उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा जास्त वाचतो. तेव्हा एका भिंतीला दुहेरी थर देण्यापेक्षा तेच तुकडे उघड्या भिंतीला लावावेत. पॅकिंगमधला जुना थर्मोकोलही चालतो, सांधे टेपने बंद केले म्हणजे झाले. चंदेरी बबल शीटचा मात्र गवगवाच जास्त. चकाकत्या बाजूसमोर हवेची पोकळी नसेल तर ती चकाकी वाया जाते.

सगळ्यात घात करते ते दव. २० अंश से. तापमानाच्या व ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे १२ अंश से. असतो; त्याहून थंड पत्र्याला ती टेकली की पाणी धरते. रोधकाच्या मागे ते दिसत नाही, दिसते ती कुजलेली फळी. थंड हवामानात प्लॅस्टिकचा बाष्परोधक पडदा रोधकाच्या आतल्या, उबदार बाजूला लावतात आणि बाहेरची फळी व रोधक यांच्यामध्ये सुमारे २५ मिमी. हवेशीर पोकळी सोडतात. जुने गालिचे फुकट मिळतात खरे, पण ते ओल धरतात आणि उंदरांची सोय करतात.

थर्मोकोल चटकन पेटतो, म्हणून तो प्लायवुड किंवा जिप्सम बोर्डाने झाकतात. पीव्हीसी आवरणाची वीजतार त्याला टेकू देऊ नये. आवरण मऊ ठेवणारे द्रव्य थर्मोकोलमध्ये उतरते आणि आवरण ठिसूळ होते. अशी तार नळीतून नेतात.