बाणाग्र, स्थिर पात्याचे

बाणाच्या दांड्याला पक्के बसवलेले, हलता भाग नसलेले धारदार पाते. आघाताच्या क्षणी उघडणाऱ्या आधुनिक यांत्रिक पात्यांहून ते वेगळे. तिरंदाजीच्या खेळातील गोल टोक नुसते भोक पाडते. पात्याचे बाणाग्र कापत आत जाते. शिकारीचा बाण आघाताच्या जोराने मारत नाही, तर रक्तस्रावाने मारतो. म्हणून धार हा या वस्तूचा मुख्य गुण ठरतो. विदर्भात या विषयाची सामग्री दोन ठिकाणी मिळते : महापाषाणयुगीन शिलावर्तुळांत, म्हणजे मोठ्या दगडांच्या वर्तुळांनी वेढलेल्या दफनांत, आणि मेळघाट ते गडचिरोली या पट्ट्यातील कोरकू, गोंड व माडिया वस्त्यांत.

प्राचीनता : नागपूर परिसरातील शिलावर्तुळांकडे एकोणिसाव्या शतकातच लक्ष गेले होते, जुनापाणी येथे ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी काही वर्तुळे उकरली. पद्धतशीर उत्खनने मात्र स्वातंत्र्योत्तर काळातील. पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये जुनापाणी येथे, तर शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा आणि १९७०-७२ मध्ये माहूरझरी येथे काम केले. या दफनांत आडव्या पट्ट्यांच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर व घोड्यांच्या लगामांच्या कड्या यांबरोबर बाणाग्रेही आढळतात. त्यांचा काळ बहुतेक अभ्यासक इ. स. पू. आठव्या-सातव्या शतकाच्या आसपास धरतात. काहींनी तो इ. स. पू. १००० च्या पलीकडे नेला आहे. एकेका कार्बन-तिथीवर एवढा भार न देता आठव्या-सातव्या शतकाची मर्यादाच तूर्त स्वीकारणे इष्ट.

लोखंड स्थानिक होते, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. पेंच नदीकाठच्या नैकुंड येथे देव व अ. प्र. जामखेडकर यांना वक्राकार विटांची लोहभट्टी, हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्या आणि लोहमळी (लोखंड गाळल्यावर उरणारा मळ) सापडली. चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा व गडचिरोलीतील सूरजागड येथील समृद्ध खनिज पाहता ही विद्या या भूमीत रुजली यात नवल नाही.

वाद आहे तो वर्गीकरणाचा. लहान पात्यांपैकी बाणाग्र कोणते आणि फेकायच्या भाल्याचे टोक कोणते? जुन्या अहवालांत हा निर्णय आकारावरून घेतला जाई : पानाच्या आकाराचे, त्रिकोणी, काटे असलेले. वजनाचा निकष त्याहून बरा, पण अडीच हजार वर्षांच्या गंजाने लोखंड फुगते आणि मूळ वजन हाती लागत नाही. प्रस्तुत नोंदीत देठाच्या, म्हणजे दांड्यात शिरणाऱ्या मागच्या निमुळत्या भागाच्या, जाडीला अधिक महत्त्व दिले आहे. बांबूचा बाण बोटापेक्षा बारीक असतो. त्याच्या पोकळीत न मावणारा देठ बाणाचा असू शकत नाही, मग पाते कितीही बाणासारखे दिसो. देठाची पाती बांबूच्या मुलखाला सोयीचीही आहेत. खोबणीचे पाते घडवायला पत्रा गुंडाळावा लागतो, तर देठाला बांबू आयतीच खोबण देतो. बाणकाठी तोडताना पेर देठाच्या लगेच मागे येईल असे पाहतात, म्हणजे आघाताने पाते मागे सरकत नाही. तोंडाशी दोऱ्याने किंवा तातीने आवळून बांधतात, म्हणजे काठी चिरत नाही. प्राचीन दांडे कुजून गेले असल्याने त्या काळीही असेच करीत, हे अनुमानच आहे.

पाणी देणे : धनुर्वेदसंहितेत आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत अशी बाणाग्रांची यादी असून प्रत्येकाचे काम सांगितले आहे. हा ग्रंथ वसिष्ठांच्या नावावर असला तरी त्याचे आजचे रूप बरेच उत्तरकालीन मानले जाते. त्यातली नावे महापाषाणयुगीन पात्यांना लावण्याची प्रथा त्यामुळे टाळावी. त्याच परंपरेतील पाणी देण्याची कृती मात्र अभ्यासण्याजोगी आहे : पिंपळी, सैंधव व कोष्ठ (एक औषधी मुळी) गोमूत्रात वाटून पात्याला लेप द्यावा, ते मोराच्या मानेच्या रंगाचे होईपर्यंत तापवावे आणि मग निर्मळ पाण्यात बुडवावे. काहींच्या मते हा रंग लेपाचा. परंतु घासलेले पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसला पोहोचले की त्यावर नेमका असाच निळा रंग चढतो, आणि ठिसूळपणा घालवण्यासाठी लोहार आजही हाच रंग पाहतात. पोलाद कठीण करायला मात्र ते लालबुंद करून बुडवावे लागते. तेव्हा श्लोकात आधीच कठीण केलेल्या पात्याला नरम करण्याची पायरी आली असावी, हे मत अधिक पटते. गोमूत्रातील नत्रामुळे पृष्ठभाग कठीण होत असेल, ही सूचना मोहक असली तरी एवढ्या कमी तापमानाला व थोड्या वेळात तसा परिणाम संभवत नाही.

निवड : खेडोपाडीचे लोहार आणि खाती (लोहारकाम करणारी जात) पूर्वी देशी लोखंड वापरीत, पुढे मोटारीच्या जुन्या कमानपाट्यांचे पोलाद आले. अरुंद, लांब पाते खोल जाते. रुंद पाते मोठी जखम करते, पण त्याला जोरकस धनुष्य लागते. अमेरिकी धनुर्धर हॉवर्ड हिल लांबीला रुंदीच्या तिप्पट ठेवीत. तेथील कारखानी पाती ग्रेन या मापात विकली जातात. १०० ग्रेन म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम आणि १२५ ग्रेन म्हणजे आठ ग्रॅमहून किंचित अधिक. दोन पात्यांचे बाणाग्र कानशीवर सहज धरता येते, तीन पात्यांचे अधिक कापते पण हाडावर अडते. पक्ष्यांसाठी मध्य भारतात लाकडी बोथट टोके वापरली जात.

परीक्षा : सगळ्यात महत्त्वाची परीक्षा सरळपणाची, आणि ती बाण सोडण्याआधी होते. दांडा नखावर उभा टेकवून फिरवायचा; टोक जागच्या जागी फिरले तर देठ सरळ, थरथरले तर देठ तापवून पुन्हा बसवायचा. कारण स्थिर पाते बाणाच्या पुढच्या टोकाला पंखासारखे हवा धरते. पिसारा मागून बाणाला सरळ ठेवू पाहतो, पाते पुढून त्याला भरकटवू पाहते. पाते जेवढे रुंद, तेवढा पिसारा मोठा हवा. म्हणून समान वजनाचे गोल टोक व पाते आलटून पालटून एकाच लक्ष्यावर सोडतात. दोन्ही एकाच जागी बसली तर जुळणी योग्य. पाते सतत एकाच बाजूला जात असेल तर दोष बहुधा पात्यात नसून दांड्याच्या लवचिकतेत किंवा धनुष्याच्या जुळणीत असतो. आकारावर एवढी शाई खर्च झाली, पण चांगले-वाईट पाते ठरते ते इथे.

धार पाहायला ताणलेल्या दोऱ्यावर पाते अलगद ओढतात. न दाबता दोरा तुटला पाहिजे. मग लाकडात एक बाण मारून टोक वाकले की चिरले ते पाहतात. वाकले तर पाणी कमी, चिरले तर जास्त.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीस बंदी असून १९९१ च्या दुरुस्तीने शिकार-परवान्यांची तरतूदही गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक हक्क मान्य करतानाही शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला आहे. रोही (नीलगाय) व रानडुकरांपासून पिके वाचवण्यासाठी विशिष्ट परिस्थितीत वनाधिकारी परवानगी देऊ शकतात. तिला सर्वसाधारण सूट समजता येत नाही. त्यामुळे विदर्भात पात्याची परीक्षा आज गवताच्या पेंढीवर किंवा लाकडी लक्ष्यावरच करता येते.