जुन्या डिझेल ट्रकसाठी कूलंटची निवड

जुन्या डिझेल ट्रकच्या इंजिनात कोणते कूलंट घालावे, हे बाटलीतल्या रंगावरून ठरत नाही. इंजिनातले लायनर (ज्यात पिस्टन वर-खाली होतो त्या धातूच्या नळ्या), रेडिएटरचा धातू आणि मिसळायचे पाणी यांवरून ते ठरते. कूलंट म्हणजे पाणी, बहुधा एथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायने यांचे मिश्रण. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण सुमारे उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. लेहकडे माल नेणाऱ्या गाडीला हे हवेच. महाराष्ट्रात गोठण्याचा प्रश्न येत नाही, त्यामुळे ‘आपल्याकडे पाणी चालतं’ असे अनेक ट्रकमालक मानतात. उष्णता वाहून नेण्यात साधे पाणी सरस आहे, हे खरेच. पण जुन्या डिझेलला कूलंट हवे असते ते थंडीपेक्षा गंजासाठी आणि लायनरसाठी.

काही इंजिनांत लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी खेळते. त्या लायनरला वेट लायनर म्हणतात. डिझेलमध्ये ठिणगीविना होणाऱ्या प्रत्येक जोरकस ज्वलनाबरोबर पिस्टन लायनरच्या भिंतीवर आदळतो आणि भिंत थरथरते. ती आत ओढली गेली की तिच्यालगतच्या पाण्याचा दाब क्षणभर उतरतो, वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात आणि लगेच धातूवरच फुटतात. दर फुटण्यासरशी धातूचा कण निघतो. अशा इंजिनातून लायनर उपसून काढला की पिस्टनचा मार बसणाऱ्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे उभ्या पट्ट्यात दाटीने दिसतात. बाकीचा लायनर मात्र धड असतो. यातले एक छिद्र आरपार गेले तरी पाणी ऑइलमध्ये उतरते, ऑइल दुधाळ होते आणि पुढचा खर्च पूर्ण इंजिन खोलण्याचा असतो.

हे थांबवतात कूलंटमधली नायट्राइट आणि मॉलिब्डेट ही रसायने. ती लायनरवर पातळ संरक्षक थर धरतात. बुडबुडा त्या थरावर फुटतो आणि थर पुन्हा धरला जातो. मोटारगाड्यांच्या अनेक कूलंटांत ही रसायने नसतात, म्हणून कारचे कूलंट ट्रकमध्ये ओतणे ही या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे. जड डिझेल इंजिनांसाठी एएसटीएम या मानकसंस्थेचे डी ६२१० हे मानक पाहावे. त्यात फक्त नायट्राइटवर भिस्त असेल, तर ५० टक्के मिश्रणात ते किमान १२०० पीपीएम (दहा लाख भागांत १२०० भाग) असावे लागते. त्याच संस्थेच्या डी ४९८५ मानकाच्या कूलंटात लायनरला जपणारे पूरक रसायन आधी वेगळे घालावे लागते. भारतीय मानक आयएस ५७५९ आहे. नायट्राइट वापरात खर्ची पडते, त्यामुळे रंग उतरला नाही म्हणून कूलंट चांगले, असे समजू नये. चाचणीची पट्टी बुडवून पाहायला मिनिटही लागत नाही. पूरक रसायन अंदाजाने जास्त ओतले, तर गाळ बसून नळ्या चोंदतात.

सगळ्याच जुन्या डिझेलांना ही काळजी सारखी लागत नाही. कमिन्सच्या एन मालिकेत वेट लायनर आहेत, ५.९ लिटरच्या बी मालिकेत सिलिंडर ब्लॉकमध्येच कोरलेले असल्याने वेगळा लायनरच नाही. आपल्या इंजिनाची मूळ पुस्तिका पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

दुसरा विचार रेडिएटरचा. जुने रेडिएटर तांबे-पितळेचे, सांधे शिशाच्या डाखाचे. या सांध्यांना सिलिकेट-फॉस्फेटची पारंपरिक, साधारण दोन वर्षांची कूलंटे मानवतात. सेंद्रिय आम्लांची दीर्घायुषी कूलंटे पाच वर्षे टिकतात, पण काहींतले २-इथाइलहेक्झॅनोइक आम्ल जुन्या सिलिकॉन सीलना त्रास देते. याउलट, नंतर ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवलेला असेल, तर नायट्राइटयुक्त कूलंट घालण्याआधी रेडिएटर बनवणाऱ्याची सूचना वाचावी. पारंपरिक आणि सेंद्रिय आम्लांचे हे दोन प्रकार मात्र मिसळू नयेत: दोन्हींची रसायने पातळ होऊन एकही धड काम करत नाही.

पाणी हा तिसरा आणि बहुतेकदा विसरला जाणारा घटक. दख्खनच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. ते सिलिकेट-फॉस्फेटशी संयोग पावून गाळ होतो आणि तापत्या धातूवर चुनखडीचा थर चढतो. डिस्टिल्ड पाणी किंवा आधीच मिसळलेले कूलंट वापरावे. ग्लायकॉल ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावे: फार कमी केले तर गंजरोधकही पातळ होतात, आणि निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशालाच गोठते, शिवाय उष्णताही कमी वाहते.

बदलताना ब्लॉकचा नळही उघडावा, नुसता रेडिएटरचा नव्हे, आणि बाहेर येणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवावे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याची सवय मोडलेली बरी. थंड चालणारे इंजिन लवकर झिजते. इंजिन तापलेले असताना रेडिएटरची टोपी उघडू नये. काढलेले कूलंट गटारात किंवा जमिनीवर ओतू नये: त्याला गोडसर चव असते, कुत्री ते चाटतात आणि थोड्याशाने मरतात.