अर्धी गाडी कायद्याबाहेर: नव्या मोटरहोममधले दोष आणि भरपाईचा इतिहास

अमेरिकेत नवी कार घेतली आणि ती वारंवार बिघडू लागली, तर कंपनीला ती बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला लावणारा कायदा प्रत्येक राज्यात आहे. नवं मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सगळी सोय असलेली गाडी घेतली, पहिल्याच पावसात छत गळलं, महिन्याभरात भिंत फुगली, गाडीच्या बाजूने बाहेर सरकणारी खोली अर्ध्यावर अडकली, तर मात्र कोणाकडे दाद मागायची याचं उत्तर राज्यागणिक बदलतं. काही ठिकाणी तर तसा कायदाच नाही. खर्च मात्र कारच्या कितीतरी पट. मोठ्या डिझेल मोटरहोमसाठी लाखो डॉलर मोजावे लागतात आणि त्यासाठी १५-२० वर्षांचं कर्जही मिळतं. निवृत्तीनंतर राहतं घर विकून ही गाडी घेणारे बरेच असतात. गाडी दुरुस्तीला गेली की त्यांचं घरच दुरुस्तीला जातं. कारवाल्याला मिळणारं संरक्षण या लोकांना का मिळत नाही, याचं मूळ सत्तर वर्षांच्या इतिहासात आहे.

१९५५च्या मे महिन्यात न्यू जर्सीतल्या एका जोडप्याने ब्लूमफील्ड मोटर्स या डीलरकडून नवीकोरी प्लिमथ कार घेतली. गाडी हातात आल्यानंतर दहा दिवसांनी, जेमतेम ४६८ मैल चालली असताना, पुढून मोठा आवाज आला, स्टिअरिंग हातातल्या हातात फिरलं आणि गाडी रस्ता सोडून विटांच्या भिंतीवर आदळली. तेव्हाची वॉरंटी ९० दिवस किंवा ४,००० मैलांची असे. तीही कशाची, तर सदोष सुटा भाग ग्राहकाने स्वतःच्या खर्चाने कारखान्यात पाठवायचा आणि तो सदोष आहे हे कंपनीला पटलं तर कंपनी तो बदलून देणार. बाकी सगळ्या जबाबदाऱ्यांवर छापील मजकुरातच पाणी सोडलेलं. हा मजकूर मोटार उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेला होता, त्यामुळे दुसऱ्या कंपनीकडे गेलं तरी तोच कागद समोर यायचा. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६०मध्ये हा कागद बाजूला सारला. वस्तू तिच्या नेहमीच्या वापराला योग्य असली पाहिजे, ही हमी कंपनीने लिहून दिली नसली तरी कायद्याने असतेच, आणि खरेदीचा करार डीलरशी झाला म्हणून उत्पादक सुटत नाही, असा तो निकाल होता. डीलरच्या आडोशाला उभं राहण्याची उत्पादकांची जुनी सवय इथून मोडायला सुरुवात झाली.

पुढची पायरी १९७५ची. वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर वॉरन मॅग्नुसन आणि कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी जॉन मॉस यांच्या नावाचा वॉरंटी कायदा त्या वर्षीच्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने अस्तित्वात आला. वॉरंटी द्यायलाच हवी असं हा कायदा म्हणत नाही. दिली तर ती सोप्या भाषेत द्या, ती 'पूर्ण' आहे की 'मर्यादित' ते वरच ठळक लिहा, आणि ती मोडलीत तर ग्राहक जिंकल्यावर त्याच्या वकिलाची फीसुद्धा भरावी लागू शकते, एवढं तो म्हणतो. फीची ही तरतूद फार मोलाची आहे. ती नसती तर बहुतेक मोटरहोम मालकांना वकीलच मिळाला नसता. पण याच कायद्यात एक मोकळी वाट राहून गेली. 'पूर्ण' वॉरंटी दिली तर वाजवी प्रयत्नांनंतरही दुरुस्त न झालेली वस्तू बदलून द्यावी लागते किंवा पैसे परत करावे लागतात. 'मर्यादित' वॉरंटीला हे बंधन नाही. साहजिकच जवळजवळ सगळ्यांनी 'मर्यादित' हाच शब्द छापायला घेतला. आजही मोटरहोमच्या वॉरंटीवर तोच असतो, आणि खाली मुदत लिहिलेली असते, बहुधा एका वर्षाची.

ही वाट बुजवायला राज्यं पुढे आली. कनेटिकटचे आमदार जॉन वुडकॉक यांच्या पुढाकाराने १९८२मध्ये तिथे पहिला 'लेमन लॉ' झाला. सतत बिघडणाऱ्या नव्या गाडीला अमेरिकेत लेमन म्हणतात. एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती करूनही तो गेला नाही, किंवा गाडी एकूण ३० दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली, तर कंपनीला पुरेशी संधी मिळाली असं कायदा धरून चालतो. 'अजून एकदा बघतो' असं किती वेळा म्हणू द्यायचं, याला पहिल्यांदा आकडा मिळाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने आपल्या १९७०च्या वॉरंटी कायद्याला अशीच जोड दिली, आणि मग हे लोण देशभर पसरलं.

हे सगळे कायदे लिहिताना डोळ्यांसमोर होती ती कार. एका कंपनीने बांधलेली, एकाच वॉरंटीत बसणारी. मोटरहोम तसं नसतं. चॅसिस (गाडीचा खालचा सांगाडा) आणि इंजिन फोर्डचं किंवा फ्रेटलायनर या ट्रक कंपनीचं. त्यावर बॉडी चढवणारी कंपनी दुसरी, आणि गाडीवर नाव तिचंच. फ्रिज, एसी, जनरेटर, पाण्याचा हीटर, छताचं रबर हे सगळं तिसऱ्या-चौथ्या कंपन्यांचं, प्रत्येकाची वॉरंटी वेगळी. बॉडीवाल्याच्या वॉरंटीत स्पष्ट लिहिलेलं असतं की चॅसिस आणि उपकरणं आमच्याकडे नाहीत. दिवे मिचमिचतात म्हणून बॉडीवाल्याकडे जावं तर तो म्हणतो चॅसिसची वायरिंग बघा. चॅसिसवाला म्हणतो, आमची तार तुम्ही कापून जोडलीत. ग्राहक मध्ये उभा.

कायदा करणाऱ्यांनी या गुंत्यात न शिरता सरळ रेघ मारली: गाडीचा भाग आत, घराचा भाग बाहेर. फ्लोरिडाचा कायदा मोटरहोमला लागू होतो, पण राहण्याच्या सोयी वगळून. त्या सोयींची यादी वाचली की छातीत धस्स होतं. फरशी, नळकाम आणि त्याची साधनं, छतावरचा एसी, हीटर, जनरेटर, गाडीच्या मूळ सर्किटखेरीजची सगळी वीजव्यवस्था, बाजूचं प्रवेशद्वार, बाहेरचे सामानाचे कप्पे, आणि समोरची काच व पुढच्या दोन खिडक्या सोडून बाकीच्या सगळ्या खिडक्या. म्हणजे माणूस ज्यासाठी मोटरहोम घेतो ते जवळजवळ सगळं या यादीत बसतं. शिवाय कार ३० दिवस गॅरेजमध्ये राहिली की पुरे, मोटरहोमला तिथे ६० दिवस लागतात. कॅलिफोर्नियातही लेमन तरतुदीत मोटरहोमची चॅसिस आणि गाडी चालवणारा भाग येतो, राहण्याचा भाग येत नाही. फक्त तिथे एक बरं आहे. राहण्याचा भाग त्याच राज्याच्या सर्वसाधारण वॉरंटी कायद्याखाली ग्राहकोपयोगी वस्तू म्हणून धरता येतो, त्यामुळे मालक अगदीच उघड्यावर पडत नाही.

आणि इंडियाना? तिथल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या भागात अमेरिकेतली बहुसंख्य मोटरहोम आणि ट्रेलर तयार होतात. थॉर, फॉरेस्ट रिव्हर या मोठ्या कंपन्यांचे मुख्य कारभार तिथे आहेत. १९९०मध्ये मोटरहोमला पहिली सरकती खोली बसवणारी न्यूमार ही कंपनीही जवळच्याच नॅपनी गावची. त्या राज्याच्या लेमन लॉमध्ये मोटर वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यातून मोटरहोम सरळ वगळलं आहे. शेतीचे ट्रॅक्टर, मोटरसायकली आणि मोपेड यांच्या रांगेत. हजारो लोकांची चूल ज्या धंद्यावर पेटते, त्याच्याकडे त्या राज्याचे आमदार ग्राहकाच्या बाजूने पाहत नाहीत हे समजू शकतं. मान्य करता येत नाही.

हे वगळणं इंडियानापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण कंपन्या वॉरंटीतच लिहून ठेवतात की दावा इंडियानाच्याच न्यायालयात लावायचा आणि इंडियानाचाच कायदा लागेल. ॲरिझोनात राहणारं जोडपं तिथल्याच डीलरकडून गाडी घेतं, ती तिथेच गळते, आणि खटला दोन हजार मैलांवर. इंडियानाच्या न्यायालयांनी ग्राहकाला काहीच दिलं नाही असं नाही. ह्युंदाईविरुद्धच्या २००५च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, डीलरमार्फत घेतलेल्या वस्तूबाबत कायद्याने गृहीत असलेली हमी थेट उत्पादकावरही लागू होते, हे मान्य केलं. पण त्याआधी २००१च्या, रीम या हीटर बनवणाऱ्या कंपनीविरुद्धच्या निकालात त्याच न्यायालयाने म्हटलं होतं की दुरुस्तीची हमी निष्फळ ठरली म्हणून आनुषंगिक नुकसान वगळणारं कलम आपोआप रद्द होत नाही. हॉटेलचा खर्च, बुडालेला प्रवास, गाडी बंद असताना भरलेले हप्ते, सगळं त्या कलमाखाली गाडलं जातं. २०१९मध्ये रेव्ह या कंपनीविरुद्धचा मोटरहोमचा खटला शिकागोच्या संघीय अपील न्यायालयात गेला, तेव्हा कंपनीला दुरुस्तीची पुरेशी संधी दिली गेली नाही या मुद्द्यावर मालक हरले. लेमन लॉमध्ये 'पुरेशी' म्हणजे किती ते लिहिलेलं असतं. लेमन लॉ लागू नसेल तर ते न्यायाधीश ठरवतात.

हे दोष येतात कुठून? बाजूच्या भिंतीचंच घ्या. बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, आत हलकं प्लायवुड, मध्ये फोम, आणि सगळं गोंदाने दाबून चिकटवलेलं. खिडकीच्या कडेचं सीलंट एका बोटाएवढं सुटलं, की पाणी प्लायवुडमध्ये उतरतं, गोंद सुटतो आणि पत्र्यावर फुगा येतो. असा फुगा आला की वरवरच्या डागडुजीने भागत नाही, भिंतच उघडावी लागते. वॉरंटीत मात्र 'सीलंटची नियमित तपासणी मालकाने करायची' असं वाक्य असतं, आणि गळती दिसली की पहिल्यांदा तेच पुढे केलं जातं. गाडीच्या दाराशी उद्योग संघटनेचं सील असतं. ते पाहून लोक निर्धास्त होतात. ते सील वीज, गॅस, नळकाम आणि आगीपासूनची सुरक्षितता यांच्या मानकांपुरतं आहे. कारागिरी चांगली आहे असं ते सांगत नाही. सुरक्षिततेला धोका असेल तर १९६६च्या वाहन सुरक्षा कायद्याने रिकॉल होतं, म्हणजे कंपनीला गाड्या परत बोलावून दोष काढून द्यावा लागतो. अमोनियावर चालणाऱ्या काही फ्रिजमधून आगी लागल्या तेव्हा तसं झालंही. पण गळक्या भिंतीचं रिकॉल होत नाही.

मंदी आणि तेजी या दोन्हींनी मालकांना मारलं. २००९च्या मार्चमध्ये फ्लीटवूड आणि मोनॅको या दोन मोठ्या कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी बुडाली की वॉरंटी म्हणजे रद्दीचा कागद, हे हजारो कुटुंबांना तेव्हा कळलं. मग कोविड आला. विमानं आणि हॉटेलं नकोत म्हणून लोक या गाड्यांवर तुटून पडले. २०२१मध्ये उद्योगाने सगळ्या प्रकारच्या मिळून ६,००,२४० गाड्या कारखान्याबाहेर काढल्या. तो आजवरचा उच्चांक. दोनच वर्षांत आकडा ३,१३,१७४वर आला. एल्कहार्टच्या बऱ्याच कारखान्यांत मजुरी गाड्यांच्या संख्येवर मिळते, म्हणजे जितक्या भराभर गाडी पुढे सरकेल तितका फायदा. मागणी अशी उसळली की अशा पद्धतीत सगळ्यात आधी काय सुटतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्यात डीलरही आपण विकलेल्या गाड्यांनाच आधी हात लावतात. प्रवासात बिघडलेली परक्या डीलरची गाडी आठवडेच्या आठवडे अंगणात उभी राहते, आणि एक वर्षाची वॉरंटी तिथेच संपते.

लुईझियाना हा वेगळा अपवाद. बाकीची राज्यं इंग्रजी परंपरेच्या विक्री कायद्यावर चालतात, लुईझियानाची नागरी संहिता फ्रेंच आणि स्पॅनिश परंपरेतून आली. तिच्यात लपलेल्या दोषासाठी विक्री रद्द करण्याचा हक्क आहे, आणि उत्पादकाला आपल्या वस्तूतला दोष माहीत होताच असं कायदाच धरतो. 'आम्हाला ठाऊक नव्हतं' हे तिथे चालत नाही. गाडीचा भाग आणि घराचा भाग असा भेदही तिथे करावा लागत नाही.

उलट काही मालक स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतात. मोंटानात विक्रीकर नाही, म्हणून तिथे नावापुरती कंपनी काढून मोटरहोम तिच्या नावावर घेण्याची पद्धत पडली. कर वाचतो. पण गाडीचा मालक आता ग्राहक नसून कंपनी, हा बचाव उत्पादकाच्या वकिलाला आयता मिळतो.

या सगळ्यात मालकाच्या हाती खरं एकच साधन उरतं: सर्व्हिस सेंटरची पावती. गाडी कधी आत गेली, कधी बाहेर आली आणि मालकाने कोणती तक्रार सांगितली, हे तिच्यावर असलं तरच दिवस आणि प्रयत्न मोजले जातात. 'तक्रार आढळली नाही' एवढंच लिहून दिलेली पावती घेऊन बाहेर पडणं घातक. पावसात गळतं असं सांगितलं असेल तर तेच शब्द तिच्यावर यायला हवेत, आणि फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलने कळवायला हवं. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनी एवढं तरी पक्कं लक्षात ठेवावं.

महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चॅसिस एकाची, बॉडी दुसऱ्याची हा प्रकार आपल्याकडे ट्रक-बसवाल्यांना पाठ आहे. भारतात लेमन लॉ नाही. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाची व्याख्या रुंद आहे. स्वतः वस्तू बनवणारा तर आलाच, दुसऱ्यांनी बनवलेले भाग जोडणारा आणि दुसऱ्याच्या मालावर आपलं नाव लावणाराही तिच्यात येतो. दोष काढून द्या, वस्तू बदला किंवा पैसे परत करा, असा आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो, आणि राहण्याचा भाग वेगळा काढलेला नाही. अडचण दुसरीकडे आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ग्राहक ठरत नाही, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली असेल तरच सूट. भाड्याने देण्यासाठी चार-पाच कॅराव्हॅन घेणाऱ्या उद्योजकाला त्यामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होऊ शकतं. एकच गाडी घेऊन स्वतः चालवणाऱ्याला ते उघडं राहतं, फक्त ती गाडी आपण पोटासाठी घेतली होती हे त्याला दाखवावं लागेल.