जवानाचा पत्ता झाकला, घराचा उघडाच राहिला

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानच्या ताब्यात सापडलेल्या विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांना तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, भारतात कुठले? हातात चहाचा कप धरून त्यांनी उलट विचारलं, हे मी सांगायला हवं का? मग इतकंच म्हणाले, दक्षिणेकडचा आहे. विमान कोणतं, हे सांगायला तर त्यांनी सरळ नकार दिला. इकडे आपल्या वाहिन्यांवर मात्र त्यांचे वडील कोण, वायुदलात कोणत्या हुद्द्यावर होते, घर कोणत्या शहरात आहे, हे सगळं सांगून होत होतं. घराबाहेर कॅमेरे लागले होते. शत्रूच्या समोर बसून त्यांनी जी माहिती राखली, ती त्यांच्याच देशाने वाटून टाकली.

त्या वेळी सगळा राग वाहिन्यांवर निघाला, आणि तो रास्तच होता. पण हे एका दिवसाच्या उतावळेपणातून घडलेलं नाही. फौजीचा ठावठिकाणा झाकण्याची पद्धत आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. त्याच्या घराचा ठावठिकाणाही झाकावा लागतो, ही जाणीव मात्र फार उशिरा आली आणि अजून अर्धवटच आहे.

पहिल्या महायुद्धात सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीची पोरं लामावर, म्हणजे लढाईवर, गेली. १९१४ मध्ये भारतीय पलटणी फ्रान्समध्ये उतरल्या आणि त्यांच्या टपालासाठी बुलोन इथे सेन्सॉरची कचेरी बसली. मराठीसकट अनेक भाषांतली पत्रं तिथे उघडून वाचली जात, काहींचे उतारे इंग्रजीत करून वरिष्ठांकडे जात. पलटण कुठे आहे हे फुटू नये, एवढाच त्यामागचा हेतू नव्हता. शिपायाच्या मनात काय चाललंय, तेही सरकारला हवं होतं. बायकोच्या दुखण्याची, कर्जाची, पोराच्या लग्नाची गोष्ट परक्या माणसाच्या टेबलावरून जात होती. फौजी घराच्या खासगीपणावरचा हा पहिला मोठा घाला सरकारनेच घातला होता.

गावाकडची भीती वेगळी होती. कर्ता पुरुष परमुलखात आणि इकडे भावकीने बांध कोरलेला, सावकाराने दावा ठोकलेला. १९२५ च्या सैनिक दावे कायद्याने यावर थोडा उपाय केला. विशेष परिस्थितीत सेवेवर असलेला शिपाई कोर्टात येऊ शकत नसेल, तर दाव्याची सुनावणी थांबवण्याची तरतूद त्यात होती. महायुद्धानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत सोल्जर्स बोर्डं आली. कमांडिंग ऑफिसरने जिल्हाधिकाऱ्याला पत्र लिहायचं, ‘आमच्या जवानाच्या जमिनीवर अतिक्रमण झालंय, लक्ष घालावे’, ही रीत आजही चालू आहे. घराची सुरक्षा म्हणजे सातबारा आणि बांध, असा तो काळ होता.

फौजीचा पत्ता मात्र पक्का झाकला गेला. नाव, नंबर, पलटण आणि पुढे ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पत्र दिल्ली किंवा कोलकात्याच्या मुख्य लष्करी टपाल कार्यालयात जायचं आणि तिथून पुढे कुठे, हे लिहिणाऱ्या आईला कळायचं नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, त्यातही हे जपलं गेलं. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, संस्कृतचे कवी. देशाचे आठ भूभाग पाडून त्यांना आठ आकडे दिले आणि नववा लष्करी टपालासाठी राखून ठेवला. ९ ने सुरू होणारा पिन नकाशावर कुठेच बोट ठेवू देत नाही. कागदाच्या एवढ्याशा तुकड्यावर साधलेली ही सुरक्षा मला आजही थक्क करते.

पण त्याच अंतर्देशीय पत्राच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता असायचा: मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, सगळं ठळक अक्षरात. मनीऑर्डर यायची तीही याच पत्त्यावर, आणि पोस्टमन ती अख्ख्या आळीसमोर मोजून द्यायचा. घरावर हुद्द्यासकट पाटी लागायची. त्यात कुणाला धोका वाटला नाही, कारण तेव्हा तो नव्हताच. गावात ‘फौजीचं घर’ असणं हीच ढाल होती.

हे चित्र नव्वदच्या दशकात, काश्मीर पेटल्यावर, पालटलं. १४ मे २००२ ला जम्मूजवळच्या कालूचक इथे दहशतवाद्यांनी बसमधल्या प्रवाशांवर गोळ्या झाडल्या आणि मग ते थेट लष्कराच्या फॅमिली क्वार्टर्समध्ये घुसले. ३१ जणांचा बळी गेला, त्यांत निम्म्याहून जास्त जवानांच्या घरची माणसं होती. २९ नोव्हेंबर २०१६ ला जम्मूजवळच्याच नगरोट्यात हल्लेखोर अधिकाऱ्यांच्या निवासांपर्यंत पोचले. तान्ही बाळं जवळ असलेल्या दोन अधिकाऱ्यांच्या पत्नींनी घरातलं सामान दाराशी लावून वाट अडवली, म्हणून ओलिसांचं संकट टळलं. त्या दिवशी गेलेल्यांत महाराष्ट्राचे दोघे होते, पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी आणि नांदेडचे संभाजी कदम. १० फेब्रुवारी २०१८ ला जम्मूतल्या सुंजवाँमध्ये पुन्हा क्वार्टर्सवरच हल्ला झाला. गोळी लागलेल्या एका गरोदर महिलेने लष्करी रुग्णालयात मुलीला जन्म दिला.

ही पार्श्वभूमी माहीत असेल तर मे २०१८ चा वाद नीट समजतो. देशातल्या ६२ छावण्यांमधले बंद रस्ते नागरिकांसाठी खुले करण्याचे आदेश संरक्षण मंत्रालयाने दिले, तेव्हा लष्करी कुटुंबांतल्या महिला उघडपणे विरोधात बोलल्या. पुणे, खडकी, देवळालीच्या लोकांना रोजचा वळसा वाचणार होता आणि त्यांचंही म्हणणं खरं होतं. पण सुंजवाँला तेव्हा तीन महिनेच झाले होते.

छावणीला निदान फाटक असतं, गावच्या घराला तेही नसतं. मे २०१७ मध्ये लेफ्टनंट उमर फय्याज नात्यातल्या लग्नाला शोपियाँत गेले होते, तिथून त्यांना उचलून नेलं आणि दुसऱ्या दिवशी मृतदेह सापडला. पुढच्या वर्षी ईदसाठी घरी निघालेले रायफलमन औरंगजेब पुलवाम्यात असेच पळवून मारले गेले. सुट्टी हाच जवानाचा सर्वांत उघडा काळ ठरला.

याच सुमारास धोका फोनमधूनही आला. हनी ट्रॅपच्या प्रकरणांनंतर नौदलाने डिसेंबर २०१९ मध्ये तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन बंद केले. जुलै २०२० मध्ये लष्कराने ८९ ॲप, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही, काढून टाकायला लावली. एका अधिकाऱ्याने दिल्ली उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिलं, पण दिलासा मिळाला नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार सैनिकांचे मूलभूत हक्क संसद मर्यादित करू शकते. तो अनुच्छेद त्यांच्या बायकोला, मुलांना, आईवडिलांना लागू नाही. त्यांच्या खासगीपणाच्या हक्कावर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मोहोर उमटवली आहे. म्हणजे बंदी जवानाच्या फोनवर आणि माहिती गळायची वाट घरच्यांच्या फोनवर. २०२३ मध्ये आर्मी पब्लिक स्कूलच्या विद्यार्थ्यांना शिक्षक असल्याचं भासवून फोन येऊ लागले. वडिलांची नेमणूक कुठे, काम काय, असे प्रश्न. शाळांना पालकांना सावध करावं लागलं.

मे २०२५ मध्ये याची आणखी एक बाजू दिसली. पहलगाममध्ये मारल्या गेलेल्या नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीने शांततेचं आवाहन केलं म्हणून तिच्यावर इतकी गरळ ओकली गेली की राष्ट्रीय महिला आयोगाला निषेध करावा लागला. ‘ऑपरेशन सिंदूर’ची माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांच्या सासरच्या घरावर हल्ला झाल्याची खोटी बातमी पसरली. घर बेळगाव जिल्ह्यातलं. पोलिसांना बातमी खोटी असल्याचं जाहीर करावं लागलंच, शिवाय घराकडे बंदोबस्तही ठेवावा लागला. हल्ला झालाच नव्हता, पण गावाचं नाव देशभर झालं होतं. लष्कराचं घर आता आपल्याच लोकांपासूनही जपावं लागतं, हे लिहिताना मला वेदना होतात.

त्याच काळात वाहिन्यांना लष्करी कारवाईचं थेट चित्रण करू नका, अशा सूचना गेल्या. त्यांचा रोख कारवाईवर होता. जवानाच्या घरी जाऊ नका, घरच्यांना गाठू नका, असं माध्यमांना सांगणारी संरक्षण मंत्रालयाची सूचना त्यानंतर आली, पण ती सल्ल्यापुरतीच होती. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही इथे फार कामाला येत नाही. कुणी घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि माणसाने स्वतःहून जाहीर केलेलीही. गावात ‘सुट्टीवर आलेल्या वीर जवानाचं स्वागत’ असा फोटो, पलटण आणि नावासकट फ्लेक्स लागतो, किंवा ‘आज जम्मूला निघाले’ असा स्टेटस पडतो, तेव्हा त्यामागे निखळ अभिमान असतो. छावणीतल्या कुटुंबांना युनिटच्या बैठकांत या गोष्टी सांगितल्या जातात. गावाकडच्या आईवडिलांपर्यंत त्या पोचवणारी जागा एकच आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. पेन्शन आणि दाखल्यांच्या कामासाठी लोक तिथे येतातच, तेव्हा तिथूनच ही सुरुवात व्हायला हवी.